सोमवारचा घोडा

दारूवाला पुलाच्या अलीकडे, रास्ता पेठेत
बाबांचं दुकान. दोन खुर्च्या, एक घोडा.
घोडा पोरांसाठी, जुन्या बाजारातून
एका बुधवारी तासभर घासाघीस करून आणलेला:
सागवानी, एक कान तुटका,
एका डोळ्याच्या जागी कोटाचं बटण.

पायांखाली दोन वाकड्या पट्ट्या, होडीच्या तळासारख्या.
डुलायलाच जन्मलेला प्राणी.
पण डुलत्या पोराचे केस कापायचे कसे?
बाबांनी बाभळीच्या चार पाचरी तासल्या,
पुढे दोन, मागे दोन, हातोडीने ठोकल्या,
आणि आरशावर लाल रंगात लिहिलं:
घोडा हलणार नाही. स्वारानेही हलू नये.

स्वार हलायचेच.
शेषाद्रींचा धाकटा टाच मारमारून
हैदराबादला निघालेला असायचा,
अर्ध्या डोक्यापर्यंत कात्री पोचेतो
त्याचं सोलापूर आलेलं असे.
बोहऱ्यांचा मुर्तझा घोड्याच्या मानेला मिठी मारायचा
आणि सोडायचाच नाही.
बाबा मग घोड्याशी बोलत,
"राजे, जरा मान वर करा,"
आणि मुर्तझा मान वर करायचा.
कात्री आधी रिकाम्या हवेत दोनदा वाजे,
मग केसांत.

मला बसायला मनाई.
दोन वेण्यांच्या मुलीचं तिथे काय काम?
पण सोमवारी दुकान बंद.
सोमवारी शटर अर्धं उचलून
आम्ही वाकून आत शिरायचो.
बाबा वस्तरे उकळत, टॉवेल मोजत,
दिवाळीच्या आधीचा सोमवार असेल तर
घोड्याची तागाची शेपूट सारखी करत,
आणि सगळं झाल्यावर पाचरी काढत, एकेक,
दाताच्या डॉक्टरसारख्या, दमाने.
"जा आता," म्हणत.
मला की घोड्याला, ते कधी विचारलं नाही.

शहाबादी फरशीवर दोन फिकट चंद्रकोरी उमटल्या.
एवढंच अंतर कापलं आम्ही त्या सगळ्या सोमवारांत.

पुढे पोरांना लाल प्लॅस्टिकच्या मोटारीत बसवून
केस कापणारी दुकानं निघाली, समोर कार्टून लावून.
बाबा म्हणाले, मोटारीला शेपूट नसते.
दुकान काही त्यामुळे बंद पडलं नाही.

दुकान बंद पडलं अंगठ्यामुळे.
उजवा अंगठा बोटावर फिरू लागला,
नसलेली तंबाखू मळत असल्यासारखा,
आणि बाबांना सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं.
मुर्तझाच्या मुलाला कानामागे कात्री लागली,
थेंबभर.
मुर्तझा काही बोलला नाही,
जाताना वीस रुपये जास्तीचे ठेवून गेला.
ते वीस रुपये बाबांना फार लागले.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या,
दिवसातून तीनदा, रिकाम्या पोटी.
रिक्षात बाबा म्हणाले,
"लाकडाचं बरं असतं. पाचर मारता येते."

आता घोडा हडपसरला, माझ्या गॅलरीत.
एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसरीकडे बाबांचं स्टूल.
पाचरी चमच्यांच्या खणात आहेत,
कुणाला काय आहे ते कळत नाही म्हणून टिकल्या.
बाबा बसतात, उजवा हात आयाळीवर ठेवतात
आणि घोडा डुलायला लागतो,
बारीक, दिवसभर,
मशीन बंद असतानाही.

या सोमवारी त्यांचे केस मीच कापायला घेतले.
गळ्यात टॉवेल बांधला, मागे उभी राहिले.
बाबांची मान हलत होती, घोडा हलत होता,
माझाही हात काही फार स्थिर नव्हता.
कात्री रिकाम्या हवेत दोनदा वाजवली.

ओळखीचा आवाज.
तेवढ्यापुरते दोघंही थांबले.
मी घाई केली,
कानामागची पांढरी बट तेवढी कापून घेतली.